कर्ता, नाकर्ता आणि अज्ञान

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात जानेफळ हे गाव आहे. जानेफळ काय किंवा वऱ्हाडातले दुसरे कोणतेही गाव काय, महाराष्ट्रातील जुने सातबारा उतारे ज्यांनी चाळले आहेत त्यांना खातेदाराच्या नावापुढे कधी ना कधी तीन अक्षरे भेटली असतील : अ. पा. क. त्यांचा विस्तार 'अज्ञान पालनकर्ता' असा आहे. बाप वारतो, मुलगा लहान असतो, जमीन मुलाच्या नावावर चढते आणि त्याच्या वतीने व्यवहार पाहणारी आई, आजा किंवा चुलता याचे नाव शेजारी लागते. त्या दोन नावांच्या मधे ही तीन अक्षरे बसतात. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्यांचे काम संपावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. पण शेरा आपोआप पुसला जात नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, वयाचा पुरावा जोडावा लागतो, फेरफार मंजूर व्हावा लागतो. हे कोणी केले नाही तर मुलगा मोठा होतो, त्याचे लग्न होते, त्याला नातवंडे होतात, आणि उताऱ्यावर तो अज्ञानच राहतो. जमीन विकायची वेळ येते किंवा बँकेचे कर्ज हवे असते, तेव्हा साठीच्या माणसाला आपण सज्ञान असल्याचे सिद्ध करावे लागते.

हा प्रकार हास्यास्पद आहे हे खरे. परंतु आम्हांस त्यात दुसरेच काही महत्त्वाचे दिसते. दुबळेपण, असमर्थता, अक्षमता यांसाठी मराठीत जितके शब्द आहेत त्यांची दोन घराणी आहेत. एक रोजच्या बोलण्याचे, दुसरे कागदाचे. बोलण्यातले दुबळेपण येते आणि जाते, कागदावरचे चिकटते. या दोन घराण्यांचा इतिहास काहीसा मागे जाऊन पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो : दुबळेपणाच्या शब्दाची पारख तो गोड आहे की कडू यावर करू नये. तो शब्द लागल्यानंतर सही कोणाची चालते, आणि तो शब्द कधी सुटतो, हे पाहावे.

आधी बोलण्याकडे वळू. 'मी चालतो' या वाक्यात 'मी' प्रथमेत आहे, तो कर्ता आहे. चालण्याची ताकद सरली की मराठी माणूस 'मी चालू शकत नाही' असे म्हणतोच असे नाही. तो म्हणतो, 'मला चालवत नाही', 'माझ्याने उचलवत नाही', 'आता बसवत नाही'. व्याकरणकार यांना शक्य क्रियापदे म्हणतात. वऱ्हाडी बोलीत हेच 'मले उठवत नाई', किंवा नुसतेच 'आता होत नाई' असे येते. येथे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. ताकद गेली तसा 'मी' प्रथमेतून उठला आणि 'मला'त किंवा 'माझ्याने'त जाऊन बसला. कर्त्याचे कर्तेपण व्याकरणानेच सैल केले. पण किती? त्या एका क्रियेपुरते आणि त्या वेळेपुरते. आज मला चालवत नाही म्हणून मी पांगळा ठरत नाही, उद्या चालवेल. चालवत नसले तरी हिशोब करवतो, भांडण मिटवता येते, घरात कोणाला काय द्यायचे ते ठरवता येते. दुबळेपण क्रियापदात राहिले, माणसाच्या नावाला लागले नाही.

नामे आणि विशेषणे वापरतानाही बोलण्याची एक रीत अशीच जपून चालणारी आहे. 'तो पायाने अधू आहे', 'कानाने जड आहे', 'नजरेने मंद झाला आहे', असे आपण म्हणतो. ही तृतीया विभक्ती फार कामाची. ती अधूपणाला पायापाशीच थांबवते. पायाने अधू असलेला माणूस बाकी सर्व बाबतींत धडधाकट आहे, हे त्या वाक्यात न बोलता येते.

म्हणून बोली भाषा दयाळू आणि कायदा निर्दय, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. बोलण्याच्या क्रूरपणाला सीमा नाही. 'ए लंगड्या', 'अरे बहिऱ्या' अशी हाक मारणारे गाव तेच, आणि 'पायाने अधू' म्हणणारेही तेच. आंधळे, बोबडे, लंगडे अशी आडनावे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. कोणा पूर्वजाच्या व्यंगावरून ती पडली की आणखी कशावरून, हा शोध वेगळा. पण शब्द नावाला एकदा चिकटला की तो किती पिढ्या उतरतो, याचे हे उदाहरण आहे. अर्थात अशा आडनावाने कोणाचा हक्क गेला नाही. नागपूरचे शरद बोबडे २०१९ साली देशाचे सरन्यायाधीश झाले. याच्या उलट, कागदावरच्या सभ्य आणि संस्कृत शब्दांनी पुष्कळांचे हक्क गेले आहेत. तिकडेच आता वळायचे आहे.

याज्ञवल्क्य स्मृतीच्या दायविभागात वारशाला मुकणाऱ्यांची एक यादी आहे. क्लीब, पतित, पंगू, उन्मत्त, जड, अंध आणि ज्याचा रोग बरा होण्यासारखा नाही असा, यांना वाटणीत अंश नाही, असे ती सांगते. परंतु त्याच दमात ती आणखी एक गोष्ट सांगते : यांचे भरणपोषण झाले पाहिजे. दोन शब्द शेजारी येतात, 'निरंशक' आणि 'भर्तव्य'. वाटा नाही, पण भाकरी आहे. आमच्या मते दुबळेपणाच्या साऱ्या कायदेशीर इतिहासाचे सूत्र या जोडीत आहे. ज्याला समाज पोसायचे कबूल करतो, त्याच्याकडून तो बहुधा ठरवण्याचा हक्क काढून घेतो. पोसणारा तो कर्ता. ज्याला पोसायचे तो कर्म.

स्मृतीचे टीकाकार मात्र वाटते तितके कठोर नव्हते. चालुक्य विक्रमादित्याच्या काळात कल्याणीस विज्ञानेश्वराने जी मिताक्षरा रचली, आणि जी महाराष्ट्रात पुढे शतकानुशतके प्रमाण मानली गेली, तिच्यात दोन पळवाटा आहेत. व्यंग वाटणीच्या आधी असेल तरच वाटा जातो, नंतर आले तर मिळालेला वाटा परत घेता येत नाही. आणि औषधोपचाराने दोष गेला तर वाटा परत मिळतो. शिवाय अशा माणसाच्या निर्दोष मुलाला त्याचा अंश मिळतोच. म्हणजे 'अंध' आणि 'उन्मत्त' ही नामे खरी, पण त्यांच्या तळाशी 'आज' आणि 'उद्या' हा काळाचा भेद टीकाकाराने शिल्लक ठेवला होता. इंग्रजी अंमलात न्यायालयांनी याच वाटेने जाऊन, आंधळेपण जन्मजात असेल तरच वारसा जातो, असे धरले. आंधळे होणे आणि आंधळे असणे यांत त्यांनी फरक केला.

मूळ नियम हटण्यास १९२८ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने जन्मापासून वेड असलेले किंवा बुद्धी नसलेले सोडून बाकी कोणालाही केवळ रोग, व्यंग किंवा दोष यांमुळे वारशातून वगळता येणार नाही, असे ठरले. उरलेला अपवादही १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने काढून टाकला. गंमत अशी की वऱ्हाडाला असा कोणताही कायदा लागू करायचा तर तो वेगळ्या हुकुमाने करावा लागे, कारण हा प्रांत कागदोपत्री ब्रिटिश हिंदुस्थानचा नव्हता. १८५३च्या तहाने निजामाने तो फौजेच्या खर्चापोटी कंपनीकडे लावून दिला. १९०२ साली दरसाल पंचवीस लाख रुपये ठरवून तो कायमच्या पट्ट्याने दिला गेला. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. दुसऱ्याच्या नावावर असलेल्या मालमत्तेचा कारभार पाहणारा जो कोणी, त्यालाच पालनकर्ता म्हणतात. तेव्हा बुलढाणा, अकोला, अमरावती आणि यवतमाळ हे चार जिल्हे मिळून जवळजवळ शंभर वर्षे 'अ. पा. क.' होते असे म्हटले, तर अतिशयोक्ती होईल पण खोटे होणार नाही.

फारसीच्या सहवासातून मराठीला दुबळेपणाचे शब्द भरभरून मिळाले, आणि त्यांतल्या बहुतेकांचा आरंभ 'ना', 'ला' किंवा 'बे' यांनी होतो : नादार, नालायक, नाइलाज, लाचार, बेवारस. त्यांची पुढची वाटचाल उद्बोधक आहे. लाचार म्हणजे ज्याला चारा, म्हणजे उपाय, नाही असा. यात दोष कुठेच नाही. मराठीत मात्र लाचार तो ठरला, जो पोटासाठी मान सोडतो. नालायक म्हणजे पात्र नसलेला. कोणत्या कामाला पात्र नाही हे सांगितल्यावाचून हा शब्द अपुरा आहे. मराठीत त्याला कामाची गरज उरली नाही, तो निव्वळ शिवी झाला. गरीब म्हणजे मुळात परका, घरापासून दूर आलेला. आपल्याकडे तो पैशाने हीन झाला आणि स्वभावाने गाय झाला. प्रत्येक ठिकाणी परिस्थितीचा शब्द स्वभावाचा झाला आहे. ज्याला जमत नाही तो वाईट, असा निवाडा रोजच्या बोलण्याने गुपचूप देऊन टाकला.

या रांगेत 'नाकर्ता' हा शब्द वेगळा बसतो. 'ना' फारसी, 'कर्ता' संस्कृत. दोघांचे लग्न मराठीने लावले. घरातला कर्तासवरता मुलगा गेला, असे आपण म्हणतो तेव्हा 'कर्ता' या शब्दात मिळवणारा, ठरवणारा आणि पोसणारा हे तिन्ही अर्थ असतात. एकत्र हिंदू कुटुंबाचा कायदेशीर कारभारी तोही 'कर्ता'च. इंग्रजीतल्या निकालपत्रांतही हा शब्द तसाच वापरतात, त्याचे भाषांतर करीत नाहीत. नाकर्ता तो, ज्याच्याकडून यांतले काही होत नाही. आज वर्तमानपत्रे सरकारच्या नाकर्तेपणावर अग्रलेख लिहितात. त्यात 'जमत असून केले नाही' हा ठपका आहे. याउलट कायद्याच्या 'अज्ञान' या शब्दात ठपका मुळीच नाही. त्याने काही केले नाही म्हणून कोणी त्याला बोल लावीत नाही. फक्त त्याला करू देत नाहीत.

'नादार' या शब्दाची कथा याहून सुखाची आहे. नादार म्हणजे जवळ काही नसलेला. कर्ज फेडता येत नाही असे न्यायालयाने जाहीर केले की तो माणूस नादार ठरे. कोर्ट फी भरण्याची ऐपत नसलेल्यालाही दावा लावता यावा अशी सोय दिवाणी प्रक्रिया संहितेत पहिल्यापासून आहे. तिथल्या इंग्रजी शब्दाला भिकाऱ्याचा वास होता, तो १९७६च्या दुरुस्तीने काढून 'निर्धन' या अर्थाचा शब्द घातला गेला. आणि आमच्या आधीच्या पिढीतील कितीतरी माणसे शाळेत 'नादारी'वर शिकली. नादारी म्हणजे फीमाफी. 'मला नादारी होती' हे वाक्य निवृत्त शिक्षक, वकील, अधिकारी किंचित अभिमानानेच उच्चारीत. शब्दाचा अर्थ हीनपणाचा, पण अनुभव शिक्षणाचा. आमच्या आरंभीच्या विधानाला हा मोठाच आधार आहे. नादारी घेणाऱ्या मुलाच्या नावापुढे कोणी पालनकर्ता बसवला नाही. उलट ती मिळाली म्हणून तो पुढे स्वतःची सही करण्याइतका शिकला.

आता पुन्हा 'अज्ञान' या शब्दाकडे. संतांच्या मराठीत अज्ञान म्हणजे आत्मज्ञानाचा अभाव. त्याला वयाचे बंधन नाही, ऐंशी वर्षांचा पंडितही अज्ञान असू शकतो. कचेरीच्या मराठीने तोच शब्द उचलला आणि त्याला वय बांधले. १८७५च्या कायद्याने अठरा वर्षे पुरी झाली की माणूस सज्ञान. मात्र न्यायालयाने पालक नेमला असेल तर एकवीस. म्हणजे ज्याला पालक मिळाला त्याचे अज्ञान तीन वर्षांनी लांबले. हा भेद थेट १९९९ साली गेला.

अज्ञान ठरण्याने माणसाचे नुकसानच होते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालकाला अज्ञानाची जमीन न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. विकली तर मुलाला सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून घेता येतो. मुदतीच्या कायद्यात तर दुबळेपणाला घड्याळ थांबवण्याची शक्ती दिली आहे. दावा लावण्याचा हक्क उत्पन्न झाला तेव्हा माणूस अज्ञान किंवा भ्रमिष्ट असेल, तर ती अवस्था संपेपर्यंत मुदत त्याच्याविरुद्ध धरली जात नाही. बळी तो कान पिळी, ही जगाची रीत. ती काही काळ रोखून धरण्यासाठी कायद्याने हे शब्द घडवले. चुलत्याने गिळलेली किती शेते या तीन वर्षांच्या तरतुदीने परत मिळाली असतील, आणि ती तरतूद ठाऊक नसल्याने किती कायमची गेली असतील! सुरक्षेचा शब्द ज्याच्यासाठी आहे त्यालाच तो ठाऊक नसणे, हे वेगळेच अज्ञान.

या सुरक्षेची दुसरी बाजू कुळकायद्यात दिसते. कसेल त्याची जमीन या तत्त्वावर मुंबई राज्याने कुळांना मालक ठरवले. मुंबईच्या १९४८च्या कायद्याखाली हा दिवस १ एप्रिल १९५७ हा होता, आणि विदर्भासाठी केलेल्या १९५८च्या वेगळ्या कायद्याखाली १ एप्रिल १९६१. परंतु जमीनमालक अज्ञान असेल, विधवा असेल, किंवा शरीराने वा मनाने असमर्थ असेल, तर कुळाची मालकी लांबणीवर पडे. मालकाची ती अवस्था संपेपर्यंत कुळाने थांबायचे. या यादीतील पहिली आणि तिसरी अवस्था समजण्यासारखी आहे. अज्ञान मोठा होतो. आजारी बरा होतो किंवा मरतो. पण विधवा? एखाद्या बाईने नवऱ्यामागे शंभर एकर शेती हिमतीने चालवली असली, सालदार तिच्या शब्दाबाहेर नसले, तरी ती कायद्याच्या नजरेत त्याच रांगेत. तिला काय येते, काय येत नाही, हे कोणी विचारले नाही. नवरा नाही, एवढेच विचारले. येथे असमर्थता हे कर्तृत्वाचे मोजमाप न राहता नात्याचे नाव झाले आहे.

आणि समोर कूळ होते. तेही दुबळेच. ज्या कायद्याने त्याला दुबळा समजून मालकी देऊ केली, त्याच कायद्याने दुसऱ्या एका दुबळ्यासाठी त्याला थांबवले. विधवेचे संरक्षण हे कुळाचे नुकसान झाले. घरातल्या कर्त्या पुरुषांना हे गणित लवकर कळले. विधवा आई किंवा भावजय हिच्या नावाच्या आड उभे राहून कुळाला दूर ठेवणे त्यांना सोयीचे होते. अबलेच्या नावावर बलवानांनी जमीन राखली, असे म्हटल्यास ते सर्वत्र लागू होणार नाही. पण दाव्यांचे ढीग सांगतात की ते विरळाही नव्हते. पालनकर्त्याची सही नेहमी पाल्याच्या हिताची असतेच, या गृहीतावर सारा डोलारा उभा आहे, आणि ते गृहीतच सर्वांत कच्चे आहे.

याच सातबाऱ्यावर आणखी एक संक्षेप भेटतो : ए. कु. मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचे नाव लावले, पुढे हा शेरा लिहिला, की धाकटे भाऊ आणि बहिणी कागदावरून दिसेनाशा झाल्या. त्यांना कोणी असमर्थ म्हटले नाही. त्यांच्यासाठी शब्दच वापरला नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि सबंध देशाने २००५ साली मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद मानले. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, घरात वयाने ज्येष्ठ असलेली मुलगी एकत्र कुटुंबाची कर्ता होऊ शकते, असा निकाल दिला. व्याकरणात 'कर्ता'चे स्त्रीलिंग 'कर्त्री' होते, आणि घरोघरी 'कर्ती बाई' होतीच. कायद्यालाच तेवढी ती दिसण्यास वेळ लागला.

स्वातंत्र्यानंतर दुबळेपणाच्या शब्दांना नवे काम मिळाले. पूर्वी ते हक्क काढून घेण्यासाठी किंवा राखून ठेवण्यासाठी होते. आता ते मागण्यासाठी वापरले जाऊ लागले. राज्यघटनेच्या सेहेचाळिसाव्या अनुच्छेदात अनुसूचित जाती आणि जमाती यांच्याबरोबर 'दुर्बल घटक' आले. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. तेव्हापासून 'निराधार' हा शब्द तहसील कचेरीच्या आवारात रोज ऐकू येतो, आणि त्याच्या अर्थाचे ओझे आता कोणाला जाणवत नाही. 'माझे निराधारचे पैसे आले नाहीत' असे म्हातारी माणसे सहज बोलतात. खरोखर निराधार असलेल्याने 'माझे' म्हणावे, यात शब्दाने हरवलेली काही प्रतिष्ठा परत आली आहे, असे आम्हांस वाटते. पण त्यासाठी दुबळेपण सिद्ध करावे लागते. उत्पन्नाचा दाखला, वयाचा दाखला, हयातीचा दाखला. अपंगत्व असेल तर ते टक्क्यांत मोजून किमान चाळीस. आणि हे अपंगत्वाचे प्रमाणपत्र ज्या सरकारी संकेतस्थळावरून मागायचे त्याचे नाव 'स्वावलंबन'.

'दुर्बल' या शब्दाचा विस्तारही पाहण्यासारखा आहे. २०१९च्या घटनादुरुस्तीने 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक' असा नवा वर्ग निर्माण झाला, आणि त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये ठरली. हे योग्य की अयोग्य, हा वाद सर्वोच्च न्यायालयात झाला आणि २०२२ साली तीन विरुद्ध दोन मतांनी सुटला. त्यात आम्ही शिरत नाही. शब्दापुरते इतकेच म्हणतो की, जो शब्द एकेकाळी नाकारला जाई तो आता मिळावा म्हणून रांग लागते, तेव्हा त्या शब्दाला बाजारभाव आला आहे असे समजावे.

शब्द कोण ठेवतो, हा प्रश्न महाराष्ट्राने एकदा फार स्पष्टपणे लढवलेला आहे. १९३८च्या जानेवारीत मुंबईच्या कायदेमंडळात स्थानिक मंडळांच्या कायद्याच्या दुरुस्तीत अस्पृश्यवर्गीयांसाठी 'हरिजन' हा शब्द घालण्याचा प्रस्ताव आला. भाऊराव गायकवाड यांनी त्यास विरोध केला. विरोध मानला गेला नाही, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष सभात्याग करून बाहेर पडले. शब्द वाईट होता काय? शब्दशः पाहता त्याहून गोड शब्द सापडणार नाही. आक्षेप गोडीला नव्हता. ज्यांचे नाव ठेवायचे त्यांना न विचारता ते ठेवले जात होते, आणि नाव बदलल्याने हक्कात तिळमात्र फरक पडत नव्हता. ठाणे-पालघरपासून दक्षिण गुजरातेपर्यंत पसरलेल्या एका आदिवासी जमातीला 'दुबळा' म्हणत. गांधीयुगात तिला 'हळपती', नांगराचा धनी, असे नाव मिळाले. अनुसूचित जमातींच्या यादीत आज दोन्ही नावे शेजारीशेजारी आहेत. धनी हे नाव मिळाले. जमीन मात्र नावाबरोबर आली नाही.

हे ध्यानात ठेवून 'दिव्यांग'कडे पाहावे. २०१५च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात 'विकलांग' ऐवजी हा शब्द सुचवला, पुढच्या वर्षी केंद्रातील विभागाचे नाव त्याप्रमाणे बदलले, आणि महाराष्ट्रात २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. शब्दामागील भावना चांगली होती याविषयी शंका नको. तरीही अपंगांच्या चळवळीतील अनेकांनी त्यावर नापसंती दाखवली आणि २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीनेही आक्षेप घेतला. आम्हांस त्यातले मर्म असे वाटते. 'पायाने अधू' म्हणताना अधूपण पायात थांबते. 'दिव्यांग' म्हणताना ते थांबत नाही, ते सबंध अंगावर पसरते, फक्त चकाकी घेऊन. ज्याला कचेरीच्या पायऱ्या चढवत नाहीत त्याच्या अंगात काही दिव्य असण्याची आवश्यकता नाही. त्याला उताराचा रस्ता हवा आहे.

आणि नेमकी ही गोष्ट नव्या कायद्यांच्या अंतरंगात, शीर्षकाहून कितीतरी अधिक, उतरलेली आहे. २०१६च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, हे सर्वांना ठाऊक असते. त्यातील चौदावे कलम कमी लोकांना ठाऊक आहे. त्यात 'मर्यादित पालकत्व' सांगितले आहे : एखाद्या विशिष्ट निर्णयापुरते, विशिष्ट मुदतीपुरते, आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून संयुक्तपणे घेतलेल्या निर्णयाचे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णालाही आपल्या उपचारांविषयी ठरवण्याची क्षमता आहे असे धरले आहे. माहिती समजते का, परिणाम कळतात का, उत्तर सांगता येते का, हे पाहायचे. १९१२च्या वेड्यांच्या कायद्यापासून हे अंतर फार मोठे आहे. तेथे प्रश्न 'हा कोण आहे?' असा होता. येथे 'याला हे ठरवता येते का?' असा आहे. म्हणजे कायदा एका लांब फेरीनंतर 'मला चालवत नाही' या वाक्यापाशी येऊन पोहोचला. नामातून क्रियापदात आला.

ही कल्पना आपल्या कायद्याला सर्वस्वी नवी होती असेही नाही. मिताक्षरेने बरे झालेल्याला वाटा परत दिला होता. १८७२च्या कराराच्या कायद्यातही, ज्याचे मन बहुतेक वेळा ठिकाणावर नसते पण मधूनमधून असते, तो ठिकाणावर असेल त्या वेळी करार करू शकतो, असे स्पष्ट म्हटले आहे. विचार होता; कचेरीच्या शेऱ्यात तो उतरला नाही. शेऱ्याला तारीख नव्हती.

यामुळेच बुलढाणा जिल्ह्यात २०२५च्या मार्चमध्ये जे काम सुरू झाले त्याची नोंद घ्यावीशी वाटते. मृत खातेदारांची नावे कमी करून वारसांची नावे लावण्याची 'जिवंत सातबारा' ही मोहीम आधी या जिल्ह्यात राबवली गेली आणि एप्रिलपासून राज्यभर नेली गेली. पुढच्या टप्प्यात जुने, निरुपयोगी शेरे काढण्याचे काम त्यात आले. त्यांत तगाईचे आणि बंडिंगचे बोजे आहेत, एकत्र कुटुंब मॅनेजरची नोंद आहे, आणि अज्ञान पालनकर्त्याचा शेराही आहे. पटवाऱ्याने एक ओळ कंसात टाकावी, एवढेच हे काम. पण त्या ओळीने एक माणूस कर्मातून कर्त्यात येतो.

मोहिमा संपतात, शेरे पुन्हा साचतात. उद्या पुन्हा एखादा बाप जाईल, एखादे लेकरू कागदावर अज्ञान म्हणून चढेल, आणि ते चढलेही पाहिजे, कारण त्यातच त्याचे संरक्षण आहे. आमची सूचना लहानशी आहे. ते लेकरू सज्ञान कधी होणार हे त्याच्या जन्मदिवशीच ठरलेले असते. शेरा लिहितानाच शेजारी ती तारीख लिहिली, आणि त्या तारखेनंतर तो कोणी न मागता गळून पडला, तर पुढच्या पिढीला साठाव्या वर्षी आपले शहाणपण सिद्ध करावे लागणार नाही. जे मुलाच्या बाबतीत खरे तेच पायाने, नजरेने किंवा मनाने अधू झालेल्याच्या बाबतीत. कोणत्या कामापुरते आणि कधीपर्यंत, हे दोन रकाने प्रत्येक दाखल्यावर असावेत. नाव मग काही का असेना.